मे महिन्यातली एक दिवसाची वाई: मुलं आणि आजी सोबत असताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारं कुटुंब आहे. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची, सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं एखादं लहान गाव मुलांना नीट दाखवायचं आहे. मनात वाई आहे. पण ऊन सोसेल का, आणि ढोल्या गणपती पाहून झाल्यावर करायचं काय, की सरळ पाचगणीला जाऊन यावं, अशी शंका आहे.

ताई, वाईच निवडा. आणि पाचगणीला जाऊ नका. हे दुसरं वाक्य मी पहिल्यापेक्षा जास्त जोर देऊन सांगते.

गेली अनेक वर्षं मी शाळकरी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन सासवड, भोर, जुन्नर, फलटण, वाई अशा तालुक्याच्या गावांत हिंडते आहे. एका दिवसाची सहल फसते ती बहुधा उन्हाने नाही, हावरेपणाने. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा आहे, म्हणून "एवढं आलोच आहोत तर" असं म्हणून गाडी वर जाते. मे महिन्यात सगळा महाराष्ट्र त्या घाटात असतो. अर्धा दिवस गाड्यांच्या रांगेत जातो, मुलांना मळमळतं, आणि संध्याकाळी कुणी विचारलं की काय पाहिलं, तर मुलं आइस्क्रीम सांगतात. वाईला बहुतेक लोक वाटेवरचा पंधरा मिनिटांचा थांबा समजतात. तुम्ही पूर्ण दिवस तिला द्या. एकाच आळीतून मुलं सकाळी एकदा गेली आणि चार वाजता पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी ती पुढे चालू लागतात, "इथून डावीकडे" असं सांगू लागतात. तेवढ्यासाठीच एखाद्या गावाला दिवस द्यायचा असतो. पाच ठिकाणं पाहून ते होत नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात वाईत दुपारी पुण्याइतकंच तापतं, फसव्या कल्पना नकोत. डोंगर जवळ दिसतात म्हणून थंड असेल असं नाही. त्यामुळे दिवसाचे दोन तुकडे करायचे: सकाळी साडेसात ते साडेदहा-अकरा, आणि दुपारी चार ते सात. मधला वेळ छपराखाली. पुण्याहून साडेपाचला निघालात तरच हे जमतं. आठला निघून दहाला पोहोचणाऱ्यांनी वाई उन्हाळ्यात करू नये, पावसाळ्यानंतर करावी.

गाडीने साधारण दोन तास लागतात. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा की वाई दहा-एक किलोमीटर. पण तुम्हाला एसटी सुचवते, आणि ती काटकसर म्हणून नव्हे. स्वारगेटहून वाईच्या थेट गाड्या आहेत, आणि गावात एसटीने शिरणं म्हणजे गावाच्या पुढच्या दाराने आत जाणं. शिवाय तुमच्या कुटुंबाचा हिशेब पाहा: महिला सन्मान योजनेत तुम्हाला आणि सासूबाईंना अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतले म्हणून दोन्ही मुलांना अर्धं, पूर्ण तिकीट फक्त यजमानांचं. सासूबाईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. बसायचं उजव्या बाजूला. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतताना तेही डावीकडूनच येतं, म्हणून दोन्ही वेळा उजवी बाजू सावलीची. सासूबाईंना दिवसभर टेकायला जागा लागेल असं वाटत असेल तर मात्र गाडी न्या. त्यात संकोच नको.

पोहोचल्यावर आधी स्टॅंडवर किंवा वाटेतल्या हॉटेलात सगळ्यांचं आवरून घ्या, नाश्ता करा, आणि मग सरळ गणपती आळीच्या घाटावर. वाईला कृष्णेच्या काठी घाटांची रांगच आहे आणि आळ्यांना, पेठांना नावंही त्यांच्यावरून किंवा देवांवरून पडलेली आहेत: गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह, ब्राह्मणशाही. हे घाट आणि देवळं मुख्यतः पेशवाईत झाली, आणि त्यातला मोठा वाटा रास्ते घराण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्त्यांच्या घरातल्या, म्हणजे थोरले माधवराव आणि नारायणराव यांचं हे आजोळ. मुलांना आजोळ ही गोष्ट चटकन कळते. इतिहासाच्या पुस्तकातला पेशवा सुट्टीत आजीकडे येण्याजोगा मुलगा होता, हे त्यांना घाटावर उभं राहून सांगा.

महागणपतीचं मंदिर गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ च्या सुमारास बांधलं. मूर्ती अवाढव्य आहे, म्हणून ढोल्या गणपती. दर्शन झालं की बहुतेक लोक पेढे घेऊन गाडीकडे वळतात. तुम्ही देवळाच्या मागे जा. खरी पाहण्यासारखी गोष्ट तिथे आहे.

मंदिराची मागची भिंत सरळ नाही. ती नदीकडे निमुळती होत गेली आहे. माशाच्या आकाराची असं तिचं वर्णन करतात. देऊळ पात्राला लागून, घाटावरच आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी थेट याच भिंतीवर येतं. भिंत सपाट असती तर पुराचा सगळा दाब तिने अंगावर घेतला असता. निमुळत्या टोकावर आपटून पाणी दोन्ही अंगांनी फाटतं आणि देवळाला वळसा घालून जातं. अडीचशेहून जास्त वर्षं हे देऊळ पुरात उभं आहे. हे मुलांना नुसतं सांगू नका, करून दाखवा. घाटाच्या वरच्या, उथळ पायरीवर जिथे पाणी हलतं आहे तिथे मुलाला पंजा पाण्यात सपाट आडवा धरायला सांगा, मग तोच पंजा फिरवून धारेसारखा उभा धरायला सांगा. हाताला जो फरक जाणवतो तोच रास्त्यांच्या गवंड्यांना ठाऊक होता. माझ्यासोबत आलेल्या मुलांना वाईतलं दुसरं काही आठवो न आठवो, हे आठवतं.

आणि इथेच उन्हाळ्याचा फायदा आहे. पावसाळ्यात हा पाया, खालच्या पायऱ्या, पाण्याने झिजलेले दगड यांतलं बरंच पाण्याखाली असतं. मे महिन्यात पात्र आकसलेलं असतं, त्यामुळे घाटाची बांधणी उघडी पडते. नदी कमी दिसते, पण नदीसाठी माणसांनी काय केलं ते सगळ्यात जास्त दिसतं. म्हणून "उन्हाळ्यात नदीत पाणी नाही, काय पाहायचं" या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

त्यानंतर मुलांना एक काम द्या. घाटाजवळच्या दुकानदारांना, काठावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा: "काका, पुराचं पाणी कुठपर्यंत येतं?" हा प्रश्न मी प्रत्येक नदीकाठच्या गावात मुलांना विचारायला लावते. याचं उत्तर कुणी शब्दांत देत नाही. माणूस उठतो, भिंतीवर हात ठेवून दाखवतो, शेजारच्याला बोलावतो, दोघांत थोडा वाद होतो, आणि मग कोणत्या सालचा पूर मोठा होता यावरून गप्पा सुरू होतात. सहा वर्षांची मुलगीही हा प्रश्न विचारू शकते. "तुमच्या गावाचा इतिहास सांगा" असं विचारलं तर लोक अवघडतात, पुराचं विचारलं की खुलतात.

शेजारीच काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे, तेही रास्त्यांचंच. त्याचा नंदी पाहा. घोटून गुळगुळीत केलेला काळा दगड आणि गळ्यातल्या माळांचं कोरीव काम. मुलीला चित्रकलेची आवड असेल तर वही काढून इथे अर्धा तास बसू द्या. तिने काढलेला नंदी कसाही आला तरी चालेल; चित्र काढताना ती जेवढं पाहील तेवढं फोटो काढताना पाहणार नाही. साडेदहानंतर मात्र देवळाच्या आवारातली फरशी तापते आणि अनवाणी पाय पोळतात. प्रत्येकासाठी एक जोड जाड सुती मोजे पिशवीत ठेवा. सासूबाईंसाठी तर नक्कीच, पण मोजे पायऱ्यांवर ओले असताना घालू देऊ नका, घसरायला होतं.

घाटाबद्दल दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. पहिली, हे घाट वापरातले आहेत. वाईला दक्षिण काशी म्हणतात आणि लोक इथे दशक्रिया, पिंडदान यांसाठी येतात. मुलांनी एखादा विधी पाहिला आणि विचारलं, तर खरं उत्तर द्या: यांच्या घरातलं कुणीतरी गेलं आहे, त्यांच्यासाठी हे चाललं आहे. मुलं शांतपणे ऐकतात. पण तिकडे फोन रोखू देऊ नका, आणि कपडे धुणाऱ्या बायकांचेही न विचारता फोटो नकोत. दुसरी, नदीत पोहणं नाही. वर धोमचं धरण आहे आणि पाणी सोडलं की पात्रातली पातळी वाढते. शिवाय कृष्णेच्या तळाशी कातळ आहे, त्यात डोह आहेत. रामडोह हे आळीचं नावच आहे, ते मुलांना ऐकवा. गावातली मुलं पोहताना दिसतील. त्यांना प्रत्येक खडक माहीत आहे, आपल्या मुलांना नाही. पायरीवर बसून पाय बुडवणं एवढंच, आणि तेव्हाही एक मोठं माणूस त्यांच्या खालच्या पायरीवर.

घाटावरून गणपती आळी, मधली आळी अशा गल्ल्यांतून चालत गंगापुरीकडे जा. अंतर थोडं आहे आणि सकाळी एका बाजूला घरांची सावली असते. इथे काही तिकिटाचं नाही, काही उघडण्याच्या वेळा नाहीत. जुन्या वाड्यांचे दरवाजे, चौकटीवरची गणेशपट्टी, दगडी जोतं, वर लाकडी मजला, मध्येच उभी राहिलेली नवी इमारत, असं सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. एखादा दरवाजा उघडा दिसला तर बाहेरूनच हाक मारा, विचारा, मग आत जा. सासूबाई पुढे असल्या तर वाईत सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आळ्यांचा अर्थ कळायचा तर कृष्णाबाईचा उत्सव मुलांना सांगायला हवा. १६५९ साली प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांची भेट घ्यायला निघालेल्या अफजलखानाचा तळ वाईत होता. वाई त्याच्याच सुभेदारीत होती. त्या संकटात महाराजांना यश यावं म्हणून कृष्णामाईला उत्सवाचा नवस बोलला गेला, अशी वाईकरांची श्रद्धा आहे. तेव्हापासूनचा म्हणून सांगितला जाणारा हा उत्सव थंडी सरताना, माघ-फाल्गुनात असतो आणि एकेका घाटावर आळीपाळीने होतो. उन्हाळ्यात तो दिसणार नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाने प्रतापगडचा प्रसंग चौथीच्या पुस्तकात वाचलेला असतो, आणि ती गोष्ट सुरू होण्याआधी खान कुठे होता, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. बोटाने पश्चिमेकडचे डोंगर दाखवा आणि सांगा, तो इथून तिकडे गेला.

गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. इतक्या लहान गावात मराठीतला सर्वांत मोठा ज्ञानकोश तयार झाला, ही गोष्ट मला वाईबद्दल सगळ्यात प्रिय आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळ्याकडच्या पिंपळनेरचे. ते लहान वयात शिकायला इथल्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पुढे वीस खंड झाले. त्याच पाठशाळेत १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन संस्कृत शिकायला येऊन राहिले होते. कार्यालय सरकारी आहे, शनिवार-रविवार बंद. आत जाऊन मुलांना दाखवण्यासारखं फार नाही, बाहेरून पाहिलं तरी पुरे. पण निघण्याच्या आदल्या रात्री एक करा: विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्यातली वाईची नोंद मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीसमोर उभं राहून सांगा, काल वाचलंस ते इथे लिहिलं गेलं. शाळेतल्या मुलांना पुस्तकं कुठूनतरी छापून येतात एवढंच माहीत असतं. ती कुणीतरी एका गावात बसून, एकेक नोंद तपासत करतं, हे त्यांना असं कळतं.

अकरा वाजले की थांबायचं. इथे लोक चुकतात, कारण "अजून एक देऊळ" राहिलेलं असतं. राहू द्या. जेवण साध्या खाणावळीत करा: भाकरी, पिठलं, आमटी-भात, ताक. मुलांना तिखट झेपत नसेल तर आधी सांगा, सातारी हात तिखटाला सैल असतो. आणि जेवणानंतर एक सल्ला, जो ऐकून लोकांना आधी पटत नाही: गावात एखाद्या लॉजवर दुपारपुरती खोली घ्या. एका दिवसाच्या सहलीला खोली कशाला, असं वाटतं. पण पंख्याखाली दोन तास आडव्या झालेल्या सासूबाई संध्याकाळी शेजारच्या मेणवली गावच्या घाटावर हसतमुख असतील, आणि सहा वर्षांची मुलगी झोपून उठली तर सात वाजेपर्यंत टिकेल. बहात्तर वर्षांच्या माणसाला दुपारी गाडीत किंवा देवळाच्या ओट्यावर बसवून ठेवणं योग्य नाही. तहान लागेपर्यंत पाण्याची वाट पाहू नका, दोन्ही टोकांच्या वयांना तहान उशिरा कळते. मीठ-साखरेचं पाणी घरूनच न्या. रसवंतीत रस प्यायचा तर समोर काढलेला, बर्फाशिवाय.

मुलाला झोप येणार नाही, त्याच्यासाठी एक प्रयोग आहे. मेच्या ११-१२ तारखेच्या आसपास वाईच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पुण्यात तो दोन-एक दिवसांनी नंतर येतो, कारण पुणं थोडं उत्तरेला आहे. लॉजच्या गच्चीवर टोपी घालून पाच मिनिटं जा, बाटली ठेवा, पाहा, खाली या. तारीख जुळवता आली तर जरूर जुळवा. असा योग वर्षातून दोनदाच येतो आणि दुसऱ्यांदा, जुलैअखेरीस, तो ढगांत हरवतो.

चारला निघून मेणवलीला जा. तीन-एक किलोमीटर, रिक्षा मिळते. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे त्या दिवशी आत जाता येईल ना, आणि किती वाजेपर्यंत, हे सकाळीच वाईत विचारून ठेवा. मेणवली म्हटलं की हल्ली पोरं चित्रपटांची नावं सांगतात, कारण या घाटावर भरपूर हिंदी चित्रीकरणं झाली आहेत. मुलांना त्याचं कौतुक असेल तर असू द्या, पण वाटाड्याला आधीच सांगा की आम्हाला वाडा दाखवा, नटनट्या नंतर.

वाड्यात सूत्रं सासूबाईंच्या हातात द्या. हे मी सगळ्याच कुटुंबांना सांगते. चौकामागून चौक लागतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या लहानपणीच्या घरातलं काहीतरी सापडतं: दिंडी दरवाजा, ओसरी, माजघर, देवळ्या, कोनाडे, माळ्याला जाणारा अरुंद जिना, परसू. वाटाडा साल सांगेल, पण कोनाड्यात काय ठेवायचे, पायलीने धान्य कसं मापायचे, पाहुणा कुठपर्यंत आत यायचा आणि बायका कुठून पाहायच्या, हे आजीच सांगू शकते. सबंध दिवस जी व्यक्ती "आजी दमली का" या प्रश्नापुरती उरलेली असते, ती इथे शिक्षिका होते. मुलांना आजीचं तोंड भरून बोलणं ऐकू द्या, मध्ये घाई करू नका. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, बरीच पुसट झालेली. हात लावू देऊ नका, फ्लॅश नको.

नाना १७४२ चे, १८०० साली गेले. पानिपतातून जिवंत परतलेल्या माणसांपैकी ते एक. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा साठा इथे होता. मेणवली दफ्तर म्हणून ओळखला जाणारा तो साठा आता पुण्यातच, डेक्कन कॉलेजात आहे. म्हणजे घर इथे आणि घरातले कागद तुमच्या शहरात. मुलगा वाचणारा असेल तर त्याला हा धागा द्या.

वाड्याच्या मागे उतरलं की अर्धचंद्राकृती घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथली घंटा पाहण्यासाठी मी कुणालाही मेणवलीला पाठवीन. मोठी, धातूची, ओतीव घंटा. जवळ जाऊन मुलांना शोधायला सांगा तिच्यावर काय आहे. थोड्या वेळाने एकजण ओरडतो: बाई आहे, हातात बाळ आहे! ती मेरी आणि बाळ येशू. आणि साल आहे, १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांकडे आल्या आणि महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या. ही त्यांतलीच. मुलाला वजाबाकी करायला लावा: वसई पडली तेव्हा घंटा बत्तीस वर्षांची होती. चर्चमध्ये बत्तीस वर्षं, आणि तेव्हापासून आजवर हिंदू देवांच्या परिसरात. कुणी मेरीचं चित्र घासून काढलं नाही. यावर मुलांना भाषण देऊ नका. त्यांना विचारा, काढलं का नसेल? मिळतील ती उत्तरं ऐका. माझ्यासोबतच्या एका मुलीने सांगितलं होतं, "आई आहे ना ती, म्हणून."

या घाटावर जुन्या झाडांची सावली आहे, बसायला जागा आहे. पाच ते साडेसहा इथेच राहा. फक्त आकाशावर लक्ष ठेवा. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेकडे ढग जमले आणि वारा पडला, तर वळीव येणार हे धरून चाला. पहिला गडगडाट ऐकू आला की झाडाखालून आणि पाण्यापासून उठायचं आणि गावाकडे निघायचं.

धोमला जावं का, असं कुणीतरी सुचवेलच. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, सुंदर आहे. पण ते वाईहून आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे मेणवलीच्याही पुढे. मुलं ताजी असतील तरच, आणि मग मेणवलीला साडेतीनला पोहोचायला हवं. लिंबची बारा मोटांची विहीर, पांडवगड, किकलीचं भैरवनाथाचं देऊळ यांची नावं या वेळी काढूच नका. ती प्रत्येकी वेगळ्या दिवसाची आहेत, आणि विहिरीच्या पायऱ्या व गडाची चढण सासूबाईंना पेलणारी नाही.

परतताना वाईच्या बाजारात थोडं थांबा. मे महिन्यात डोंगराकडच्या बायका करवंदं, जांभळं घेऊन बसतात. भाव करू नका, मुलांना स्वतः पैसे देऊ द्या आणि विचारू द्या की ही कुठून तोडून आणली. स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर संपत आलेला असतो, बाटलीबंद सरबतं पुण्यातही मिळतात. हळद घ्यायची असेल तर घ्या, ती या तालुक्यात पिकते. पसरणीच्या बाजूला बोट दाखवून एवढंही सांगता येईल की राज्यगीत ज्यांच्या आवाजात घरोघर पोहोचलं ते शाहीर साबळे त्या गावचे; मुलं ते गीत शाळेत रोज ऐकतात.

राहिला वार. रविवार नको, कारण संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणारी सगळी वाहतूक सुरूर फाट्याला आणि खंबाटकीच्या बोगद्याजवळ तुमच्यासोबत असते. संकष्टी आणि मंगळवारी गणपतीला गर्दी. बुधवार किंवा गुरुवार उत्तम, यजमानांना एक दिवस रजा टाकायला सांगा. आणि सासूबाईंना व्याख्यानांची आवड असेल तर जाण्याआधी चौकशी करा: वाईत मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, लोकमान्य टिळक स्मारक संस्थेतर्फे. ती संध्याकाळची असते, म्हणजे ऐकायची तर शेवटची एसटी चुकेल. पण दुपारची खोली तुम्ही घेतलेलीच असेल. तीच रात्रीपर्यंत ठेवता येते का, हे सकाळी चावी घेतानाच विचारून ठेवा.